पासवर्ड बरोबर होता

बाबाजी महाबळे रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात राहतात. धाटावच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी पंप ऑपरेटर म्हणून तेहतीस वर्षं काढली. पंप बंद पडला की लॉगबुकात वेळ लिहायची, मेंटेनन्सला कळवायचं आणि फिटर येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही, असा तिथला नियम होता. बाबाजी हात लावायचे. हा व्हॉल्व्ह फिरवून बघ, तो बंद करून बघ, असं त्यांचं चालायचं. मग नदीपलीकडच्या अष्टमी गावचा शरीफ फिटर यायचा, पान्हा खाली ठेवायचा आणि आधी बाबाजींना झाडायचा. पंपाला काय झालंय ते मागाहून बघू, तू काय काय फिरवलंस ते आधी सांग, असं तो म्हणायचा. या भांडणांतून दोघांची जी गट्टी जमली, ती दोघं रिटायर झाले तरी टिकली. रोज संध्याकाळी सहाला कुंडलिका नदीच्या काठावर एका बाकावर दोघं बसायचे. कंपनीच्या क्रिकेट टीममध्ये शरीफ बॉलर होता आणि बाबाजी कीपर. पंचवीस वर्षांपूर्वी बाबाजींनी सोडलेला एक कॅच त्या बाकावर अजून उकरला जायचा.

दोन वर्षांपूर्वी शरीफ बहारीनला मुलाकडे राहायला गेला. मुलगा उबेद तिथं नोकरीला, सूनही नोकरीला, आणि शरीफच्या बायकोचे, हाजराचे, गुडघे पार गेलेले. अष्टमीच्या घराचा जिना तिला चढवेना. म्हातारा-म्हातारीला इथं एकटं ठेवायचं नाही असं उबेदने ठरवलं आणि दोघांना घेऊन गेला. त्यानंतर बाबाजी चार-पाच दिवस एकटे बाकावर जाऊन आले आणि मग जायचे थांबले. बायकोने, कृष्णाबाईंनी, कारण विचारलं तर म्हणाले, तिथं डास फार झालेत.

गेल्या ऑक्टोबरात उबेदचा एक मित्र सुट्टीवर आला आणि बाबाजींच्या हातात एक खोकं देऊन गेला. आत टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन होतं, दोन रिमोट होते आणि कानाला लावायचा हेडफोन. उबेदने स्वतःसाठी नवीन घेतलं होतं आणि हे जुनं मोकळं झालं होतं. कल्पना शरीफची. त्याच्या घरी नवीन मशीन, इथं जुनं. दोन्ही इंटरनेटला जोडायची, दोघांनी आपापल्या टीव्हीसमोर बसून एकच क्रिकेट मॅच खेळायची आणि हेडफोनवर बोलायचं. उबेदने बाबाजींचं नाव त्यात आधीच घालून दिलं होतं. करायचं एवढंच, की मशीन घरच्या वायफायला जोडायचं.

"दोन मिनिटांचं काम हाय," शरीफ फोनवर म्हणाला.

बाबाजींनी दुपारी जेवण झाल्यावर ते काम हाती घेतलं. टीव्हीवर वायफायचं नाव लगेच दिसलं. नावावर बटण दाबलं, पासवर्ड मागितला. तो वायफायच्या डब्याच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर होता. बारा अक्षरं, त्यात काही मोठी, काही लहान, मधेच आकडे. रिमोटची बटणं दाबत टीव्हीवरच्या एकेका अक्षरापर्यंत सरकत जायचं आणि तिथं पोचलं की ते निवडायचं. बाबाजींचा अंगठा जाड. एमवर जायचं तर तो एनवर जाऊन थांबायचा, मागे यायचं तर दोन घरं मागे. बारा अक्षरांना सात मिनिटं लागली. मग टीव्हीवर एक चक्र गोल गोल फिरलं आणि खाली ओळ आली, की पासवर्ड चुकीचा असावा.

चुकलं असेल म्हणून त्यांनी परत टाकला. परत तेच. चौथं अक्षर शून्य आहे की ओ, यावरून कृष्णाबाईंशी वाद झाला. दोन्ही करून बघितलं. कृष्णाबाई एकेक अक्षर मोठ्याने वाचत होत्या आणि बाबाजी दाबत होते, तरी तेच. पाच वाजेपर्यंत अकरा वेळा पासवर्ड टाकून झाला. शेवटी त्यांनी स्वतःच्या मोबाईलमधून वायफाय काढून टाकलं आणि त्याच कागदावरचा पासवर्ड मोबाईलमध्ये नव्याने टाकला. मोबाईल एका झटक्यात जोडला गेला. म्हणजे पासवर्ड बरोबर होता. बाबाजींनी चष्मा काढून टीव्हीकडे बघितलं. बरोबर असलेल्या गोष्टीला कोणी तोंडावर चूक म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं, मग तो सुपरवायझर असो नाहीतर टीव्ही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नेटवाल्यांना फोन लावला. रोह्यातलीच छोटी कंपनी, एसटी स्टँडच्या मागे ऑफिस. फोन घेणाऱ्या बाईने विचारलं, मोबाईलवर नेट चालतंय का? चालतंय. मग डबा बंद करून पाच मिनिटांनी चालू करा. बाबाजींनी केला. तिसऱ्या दिवशी फोन केला तर तोच प्रश्न आणि तेच उत्तर. चौथ्या दिवशी बाबाजींनी तिला सांगितलं, की डबा बंद-चालू करून करून त्याचं बटण सैल झालंय, आता कोणाला तरी पाठवा.

मग सुशील आला. नेट कंपनीचा माणूस, तिशीतला, मोटरसायकलवर शिडी बांधून फिरणारा. दारात चपला काढताना त्याने सांगून टाकलं, की अजून सहा घरं बाकी आहेत. आपल्या मोबाईलवर त्याने वेग मोजला आणि आकडा बाबाजींच्या तोंडापुढे धरला. नेट झकास आहे, म्हणाला. बाबाजींनी त्याला समजावलं, की नेट झकास आहे हे त्यांनाही ठाऊक आहे, प्रश्न मशीनचा आहे. तेच तर मी म्हणतोय काका, सुशील म्हणाला, मशीनच खराब आहे, बाहेरच्या देशातून आलेल्या वस्तूंचं असंच असतं. आणि तो गेला.

बाबाजींनी पुन्हा तक्रार केली, तो पुन्हा आला. या वेळी म्हणाला, तुमच्या भिंती चिऱ्याच्या आहेत, त्यातून लहरी जात नाहीत. बाबाजींनी टीव्ही, मशीन आणि स्टूल असं सगळं उचलून डब्याच्या शेजारी नेऊन ठेवलं. मधे भिंत सोडाच, हातभर अंतरही उरलं नाही. पासवर्ड टाकला. चक्र फिरलं. चूक. सुशीलने मान हलवली आणि डब्याच्या मागच्या भोकात टाचणी घालून डबा पहिल्यापासून सुरू केला. त्याने एवढंच झालं, की बाबाजींच्या मोबाईलचंही नेट गेलं आणि सगळं होतं तसंच पुन्हा भरून ते परत यायला अर्धा तास लागला.

रोज संध्याकाळी शरीफचा फोन यायचा. झालं का? नाय झालं. मग तो तिकडून हुकूम सोडायचा. सेटिंगमध्ये जा, खाली जा, तिसरं दाब. बाबाजींच्या टीव्हीवर तिसरं काहीतरी भलतंच असायचं, कारण शरीफ आपल्या नव्या मशीनकडे बघून सांगत होता आणि इथं जुनं होतं. हे कळायला दोघांना चार दिवस लागले.

बाबाजींची मुलगी अपेक्षा पेणला असते. तिच्या घरी दुसऱ्या कंपनीचं नेट आहे. बाबाजींनी मशीन टॉवेलमध्ये गुंडाळलं, भाजीच्या मोठ्या पिशवीत घातलं आणि सकाळची पेण गाडी पकडली. नागोठण्यापासून पुढे हायवेवर गाडी अशी उडत होती, की त्यांनी पिशवी मांडीवरून उचलून हवेत धरली आणि पेणच्या अलीकडचं गडब गाव येईपर्यंत तशीच धरून ठेवली. शेजारच्या बाईने आत अंडी आहेत का म्हणून विचारलं.

अपेक्षाच्या घरी मशीन जोडलं. तिने पासवर्ड टाकला. चक्र फिरलं आणि हिरवी खूण आली. लागलं. एका मिनिटात.

अपेक्षाने टाळी वाजवली. बाबाजी खुर्चीत बसून त्या हिरव्या खुणेकडे असे बघत होते, जसं कोणी त्यांची थट्टा केली आहे.

"बाबा, चाललं ना? मग रागावलात कशाला?"

"इथं चालून मला काय उपयोग?" बाबाजी म्हणाले. "क्रिकेट खेळायला मी रोज पेणला येऊ काय?"

अपेक्षाने जेवून जा म्हटलं तर जेवलेही नाहीत धड. मशीन परत टॉवेलमध्ये गुंडाळून दुपारच्या गाडीने घरी आले, हातपाय न धुता टीव्हीला जोडलं, पासवर्ड टाकला. चूक. त्यांनी लगोलग नेटवाल्यांना फोन लावला आणि सांगितलं, की मशीन पेणला चालतं, म्हणजे मशीन ठीक आहे. पलीकडच्या बाईने विचारलं, पेणला नेट कुठल्या कंपनीचं? दुसऱ्या. मग त्यांना विचारा, ती म्हणाली. काय विचारू, बाबाजींनी विचारलं, तुमचं का चालतं असं? त्यावर, डबा एकदा बंद-चालू करून बघा, म्हणाली.

त्याच संध्याकाळी शरीफशी भांडण झालं. बाबाजी दिवसभर हिंडून आलेले, डोकं तापलेलं. शरीफही वैतागला होता. पंधरा दिवस झाले एवढ्याशा कामाला, असं त्याने सुनावलं. बाबाजींनी पेणचं सांगायला सुरुवात केली, तर त्याने मधेच तोडलं.

"तुला जमत नसेल तर सोड. तेहतीस वर्षं पंपांची वाट लावलीस, आता याची लाव."

हे तो कंपनीत हजार वेळा म्हणाला असेल आणि बाबाजी हजार वेळा हसले असतील. त्या दिवशी हसू आलं नाही. तुझं खोकं येईल त्याच्या हातून परत पाठवतो, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मशीनवर टॉवेल टाकला. दुसऱ्या दिवशी सहाला फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाबाजींनीही केला नाही. कृष्णाबाईंनी एकदा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, की त्याला बहारीनची हवा लागलीय.

आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी संध्याकाळी बाबाजी ओटीवर बसले होते. कृष्णाबाई अंगणाच्या पार टोकाला, कुंपणाजवळ, एका कानावर हात आणि दुसऱ्या कानाला मोबाईल लावून उभ्या होत्या. मधेच दोन पावलं डावीकडे सरकायच्या, मधेच "आता येतंय का आवाज?" असं मोठ्याने विचारायच्या. बराच वेळ बोलणं चाललं. आत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"हाजराचा फोन होता," त्या म्हणाल्या.

बाबाजींनी पायरीवरच्या चपला सरळ केल्या.

"शरीफभाई रोज साडेतीनला ते मशीन लावून बसतात. म्हणजे आपले इथले सहा. टीव्हीवर तुमचं नाव येतंय का ते बघतात. तास-दीड तास बसतात नि मग बंद करतात. तिकडं कोणाशी बोलत नाय, खाली उतरत नाय. हाजरा म्हणते, भांडण झाल्यापासून तर जेवताना पण बोलत नाय."

बाबाजी अंगणाकडे बघत राहिले. मग त्यांनी बायकोवरच आवाज चढवला. "तू तिकडं कुंपणाला काय गेलेलीस मग? घरात बसून बोलायचंस. घरात नेट हाय ना?"

"माझ्या फोनला लागत नाय ते."

"लागत नाय म्हणजे?"

"म्हणजे नाय लागत. नवा डबा बसवला तवापासून. पासवर्ड चूक म्हणतो."

बाबाजींनी मान वळवली. "हे मला कधी सांगितलंस?"

"दोनदा सांगितलं. तुमी म्हणालात, तुझा फोन जुना झालाय."

कृष्णाबाईंचा फोन म्हणजे अपेक्षाने सहा वर्षं वापरून दिलेला. बाबाजींनी तो हातात घेतला आणि वायफायचा पासवर्ड टाकला, नीट, एकेक अक्षर बघून. खाली ओळ आली, की पासवर्ड चुकीचा असावा. टीव्हीवर महिनाभर बघितलेली ती ओळ या इवल्या पडद्यावर बघून त्यांना राग नाही आला. ते ओटीच्या पायरीवर बसले. कंपनीत असताना शरीफ यायचा आणि विचारायचा, चालत होतं तेव्हापासून काय बदललं? तो एकच प्रश्न बाबाजींनी या अख्ख्या प्रकरणात स्वतःला विचारला नव्हता. आधीचा डबा वीज पडून जळला होता. नवा गणपतीच्या आठ दिवस आधी बसवला. तोवर कृष्णाबाईंचा फोन घरातल्या घरात चालत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाठकोरी वही काढली आणि तेहतीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय झालं ते लिहायचं आणि मगच पुढची. स्वतःचा मोबाईल डब्याला जोडला, लागला. कृष्णाबाईंचा जोडला, नाही लागला. मग स्वतःच्या मोबाईलवरून हॉटस्पॉट सुरू केला आणि कृष्णाबाईंचा फोन त्याला जोडला, लागला. मशीन त्याच हॉटस्पॉटला जोडलं, तेही लागलं. शेजारच्या विमलबाईंकडे जाऊन त्यांचा जुना फोन मागून आणला. विमलबाईंना वाटलं यांच्या घरी कोणी आजारी आहे, म्हणून त्याही मागोमाग आल्या. त्यांचा फोन डब्याला नाही लागला. त्यांच्या सुनेचा नवा फोन लागला. प्रत्येक प्रयत्नाची वेळही बाबाजींनी लिहिली. अकरा वाजेपर्यंत दीड पान भरलं आणि शेवटी त्यांनी खाली लिहिलं, की नवीन यंत्रं लागतात, जुनी लागत नाहीत, आणि हा फरक फक्त या डब्यापाशी होतो.

फोन करण्यात अर्थ नव्हता. वही घेऊन ते थेट एसटी स्टँडच्या मागच्या ऑफिसात गेले.

ऑफिस म्हणजे एक खोली. दोन टेबलं, एक संगणक, आणि फोनवर चाळिशीची एक बाई. बाबाजींनी नाव सांगायच्या आत तिने त्यांना आवाजावरून ओळखलं. "वरश्याचे महाबळे काका," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून बाबाजींना एवढ्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं, की वैतागलेले फक्त आपणच नव्हतो. तिचं नाव वैशाली. सकाळपासून तिने चाळीसेक फोन घेतले होते आणि प्रत्येकाला डबा बंद-चालू करायला सांगितलं होतं. कारण दहातल्या आठ जणांचं काम तेवढ्याने होतं, असं तिने आधीच सांगून टाकलं, बाबाजींनी काही विचारायच्या आत.

बाबाजींनी वही तिच्यासमोर उघडून ठेवली. "बाय, हे एकदा वाच. मग तू सांगशील ते करीन. बंद-चालू पण करीन."

फोन वाजत होता. तिने तो वाजू दिला. पहिलं पान वाचलं, उलटलं, परत मागे आली. मग वही तशीच ठेवून तिने संगणकाकडे खुर्ची वळवली. तिथून तिला गिऱ्हाइकाच्या घरातल्या डब्याच्या आत बघता येत होतं. बाबाजींचा नंबर घातला, एक पान उघडलं, दुसरं उघडलं आणि एका ओळीवर थांबली. तिने सुशीलला फोन लावला आणि विचारलं, की महाबळे काकांच्या डब्याला सुरक्षेची कुठली पद्धत लावली होतीस. पलीकडून सुशील काहीतरी सांगत होता. त्याला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, की नवीन पद्धत सगळ्यात पक्की, कोणी चोरून नेट वापरू शकत नाही. म्हणून गणपतीच्या आधीपासून बसवलेल्या प्रत्येक डब्याला त्याने तीच लावली होती, फक्त तीच.

वैशालीने फोन ठेवला आणि बाबाजींना सांगितलं, की ही नवी पद्धत जुन्या यंत्रांना ठाऊकच नाही. डबा त्यांच्याशी ज्या भाषेत बोलतो ती त्यांना येत नाही. काय अडलंय हे त्यांना सांगता येत नाही, म्हणून ती आपली पासवर्ड चूक म्हणून मोकळी होतात. दोन्ही पद्धती चालतील अशी सोय डब्यात असते. तिने ती लावली. चार वेळा बटण दाबण्याचं काम होतं.

"काका, हे तुम्ही शोधलंत कसं?"

"मी नाय शोधलं. बायकोने शोधलं," बाबाजी म्हणाले. "मी ऐकलं नाय, म्हणून महिना लागला."

वैशालीने वही पुन्हा जवळ ओढली. मग म्हणाली, की गणपतीपासून अशा नऊ-दहा जणांचे फोन आले होते, मोबाईल लागत नाही म्हणून. सगळी म्हातारी माणसं. तिने प्रत्येकाला सांगितलं होतं, की तुमचा फोन जुना झालाय. एका बाईंनी तर नवा घेतलाही. तिने बाबाजींकडे ती दोन पानं मागितली. बाबाजींनी फाडून दिली. ते उठले तेव्हा ती एकेका घराला फोन लावायला बसली होती.

घरी येऊन बाबाजींनी आधी कृष्णाबाईंचा फोन जोडला. लागला. कृष्णाबाई फोन घेऊन मागच्या खोलीत गेल्या, तिथून स्वयंपाकघरात, मग न्हाणीपर्यंत जाऊन आल्या आणि सगळीकडे चालतंय म्हणाल्या. मग मशीन. बाबाजींनी टॉवेल काढला आणि एकेक अक्षर दाबलं. चक्र फिरलं आणि खाली ओळ आली, की पासवर्ड चुकीचा असावा.

त्यांनी रिमोट गादीवर टाकला. कृष्णाबाईंनी तो उचलला, टीव्हीजवळ जाऊन बघितलं आणि म्हणाल्या, की शेवटचा आकडा सात आहे, तुम्ही आठ दाबलाय. महिनाभरात पहिल्यांदा मशीन खरं बोललं होतं. सात दाबला. हिरवी खूण आली.

त्यावर मशीनने सांगितलं, की आधी नवीन सॉफ्टवेअर उतरवून घ्यावं लागेल, वेळ एकोणीस तास. बाबाजी हसले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

शरीफला त्यांनी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना टीव्हीसमोर बसले, हेडफोन लावला आणि मशीन सुरू केलं. पडद्यावर त्यांचं नाव आलं. खाली शरीफचं नाव होतं आणि त्याच्यापुढे हिरवा ठिपका. म्हणजे तो बसला होता. बाबाजींना पुढे काय दाबायचं ते ठाऊक नव्हतं. तेवढ्यात कानात खरखर झाली.

"आलास?" शरीफ म्हणाला.

"आलो."

शरीफच्या मागे कुठेतरी भांड्यांचा आवाज येत होता आणि हाजरा कोणाला तरी काहीतरी सांगत होती.

"काय होतं शेवटी?"

"डब्यात होतं. मशीन बरोबर होतं नि पासवर्ड पण बरोबर होता."

"मी तुला तवाच बोललो असतो, आधी काय बदललं ते बघ म्हणून."

"तू असं काय बोलला नव्हतास," बाबाजी म्हणाले. "तू पंपांवरून बोललास."

"ते बोलायला नको होतं," शरीफ म्हणाला. "चल, बॅटिंग घे."

बाबाजींनी बॅटिंग घेतली आणि तिसऱ्या चेंडूवर आऊट झाले, कारण मारायचं बटण समजून त्यांनी भलतंच दाबलं. शरीफने पहिल्या ओव्हरला पाच वाइड टाकले आणि दोष रिमोटला दिला.

या गोष्टीला आता चार महिने होत आले. शुक्रवार सोडला तर दोघं रोज बसतात. खेळ मात्र फारसा होत नाही, हीच बाबाजींची तक्रार. शरीफ चेंडू हातात धरून ठेवतो आणि बोलत बसतो. इमारतीतली लिफ्ट, बाजारातली मासळी, तिला कशी चव नाही, खालच्या मजल्यावर केरळचा एक माणूस आहे त्याला मराठी येत नाही पण भांडायला आवडतं. बाबाजींचा बॅट्समन टीव्हीवर बॅट आपटत उभा असतो. एकदा कृष्णाबाई म्हणाल्या, की नुसतं बोलायचंच असेल तर फोनवर बोला की, एवढा पसारा कशाला?

"फोनवर काय बोलायचं ते सुचत नाय," बाबाजी म्हणाले. "इथं तो बॉल टाकत नाय, म्हणून भांडता तरी येतं."

थंडीत बहारीनला पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे आपल्याकडे साडेसात. अजान झाली की शरीफ नमाजला उठतो आणि मॅच अर्धी राहते. एक जण उठून गेला की मशीन उरलेल्याला विजयी ठरवतं आणि पडद्यावर फटाके उडवतं. बाबाजी अशा बावन्न मॅच जिंकले आहेत. शरीफला त्यातली एकही मान्य नाही.